मुदतीचा प्रश्न

“पाच वर्षांची करू की एका वर्षाची?”

हा प्रश्न माझ्या मित्राने मला विचारला तो सप्टेंबर २०२२ मध्ये, गणपती उठल्यानंतरच्या आठवड्यात, साताऱ्याला त्याच्या घराच्या ओटीवर. विषय मुदत ठेवीचा होता. आम्ही दोघेही बँकेतून निवृत्त झालेलो; एकाच शाखेत अकरा वर्षे समोरासमोरच्या टेबलांवर काढलेली. व्याजाचे दर, ज्येष्ठ नागरिकांचा अर्धा टक्का, हे आमचे पेन्शनरांचे हवापाण्याचे बोलणे. एरवी मी क्षणात उत्तर दिले असते. त्या दिवशी मात्र शब्द फुटेना. कारण त्याच्या मुलाने आधल्या आठवड्यात फोनवर मला सांगून ठेवले होते, “काका, बाबांना स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे. लिव्हरमध्ये पसरलाय. डॉक्टर म्हणतात, सहा-आठ महिने. बाबांना फक्त गाठ आहे, औषधाने बसेल, एवढंच सांगितलंय. तुम्हीही काही बोलू नका.”

मी म्हणालो, “पाच वर्षांची कर. व्याज बरं पडतं.”

तो “बरं” म्हणाला. मग वहिनींनी चहा आणला.

त्या ‘बरं’कडे मी नंतर येईन. रविवारी सकाळी, चहाच्या कपाबरोबर, हा विषय कशाला, असे काही वाचक म्हणतील. त्यांचे चुकते असे नाही. पण हा आजार ज्या घरात शिरतो तिथे तो विचार करायला वेळ देत नाही. ज्यांना काही समजून घ्यायचे असेल त्यांनी ते आधीच, घरात सगळे ठणठणीत असताना घ्यावे, या मताला मी आलो आहे.

स्वादुपिंड म्हणजे सुमारे सहा इंच लांबीची, वजनाला शंभर ग्रॅमच्या आतबाहेर भरणारी ग्रंथी. जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर ती आडवी पडलेली असते. तिचे उजवीकडचे डोके लहान आतड्याच्या पहिल्या वळणात बसवलेले, आणि डावीकडची शेपटी प्लीहेपर्यंत पोचलेली. कामे दोन: अन्न पचवणारे रस आतड्यात सोडायचे आणि इन्सुलिन रक्तात सोडायचे. एवढे काम करूनही आयुष्यभर तिचे नाव आपल्या कानावर येत नाही. हृदय धडधडते, पोट गुरगुरते. ही बाई माजघरात मुकाट्याने राबणाऱ्या जुन्या काळच्या काकूसारखी. तिथे गाठ झाली तरी ती हाताला लागत नाही आणि सुरुवातीला दुखतही नाही.

गाठ डोक्यात झाली तर निदान थोडे लवकर होण्याची शक्यता असते, कारण यकृतातून येणारी पित्ताची नळी त्या डोक्यातूनच जाते. गाठीने नळी दाबली की पित्त तुंबते. डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, शौचाचा रंग पांढुरका होतो, आणि अंगाला अशी खाज सुटते की माणूस रात्रभर बसून राहतो. माझ्या मित्राचे नेमके हेच झाले. दुखत काहीच नव्हते. आपल्याकडे कावीळ म्हटली की आधी माळ घालणारा आणि पाल्याचे औषध देणारा आठवतो. तोही शेजारच्या गावी जाऊन आला. तीन आठवडे गेले. मग सोनोग्राफी, मग पुण्याला सीटी स्कॅन. त्या तीन आठवड्यांमुळे सारे बिघडले असे मी म्हणत नाही. यकृतावरचे ठिपके तोवर कधीचेच पडलेले असणार. पण साठीच्या माणसाला न दुखता झालेली कावीळ ही माळेने उतरवायची गोष्ट नव्हे, एवढे तरी घरोघरी ठाऊक असायला हवे.

गाठ मधल्या भागात किंवा शेपटीत असली तर कावीळही होत नाही. पोटातून आरपार पाठीत जाणारी कळ, निजल्यावर वाढणारी आणि पुढे वाकून बसल्यावर जरा सुसह्य होणारी, कारण नसताना उतरणारे वजन, एवढीच चाहूल. कधीकधी पन्नाशीनंतर अचानक मधुमेह निघतो आणि त्याच सुमारास वजन घटू लागते. अशा नव्या मधुमेहींपैकी शंभरात जेमतेम एकालाच हा रोग निघतो, तेव्हा साखर वाढली म्हणून कुणी धसका घेऊ नये. पण साखर वाढते आहे आणि माणूस वाळतो आहे, ही जोडी दिसली तर डॉक्टरांना दोन्ही गोष्टी सांगाव्यात.

आता आकड्यांकडे येतो. आकडे हा माझा जुना धंदा.

२०२२ या वर्षात जगभरात या रोगाचे सुमारे ५ लाख ११ हजार नवे रुग्ण निघाले आणि त्याच वर्षात सुमारे ४ लाख ६७ हजार माणसे या रोगाने गेली. ज्यांनी कधी खतावणी लिहिली आहे त्यांना या दोन आकड्यांवर भाष्याची गरज नाही. जमा आणि नावे जवळजवळ सारखीच. आपल्या देशात हा रोग पाश्चात्त्य देशांच्या मानाने पुष्कळच कमी आढळतो, हे आपले नशीब. पण ज्याला तो झाला त्याला या कमीपणाचा काय उपयोग?

अमेरिकेत रोग समजल्यापासून पाच वर्षांनी हयात असणारे रुग्ण आज शंभरात तेरा आहेत. १९७५ च्या सुमारास ते तीन होते. म्हणजे सुधारणा झाली, पण पन्नास वर्षांच्या मेहनतीला हे फळ तसे थोडेच. गाठ जागच्या जागी असताना सापडली तर हाच आकडा चव्वेचाळीसच्या घरात जातो. दूर पसरल्यावर सापडली तर तीनवर येतो. आणि सापडते ती बहुतेक पसरल्यावरच. शस्त्रक्रिया करता येईल असे रुग्ण शंभरात पंधरा ते वीस. ही शस्त्रक्रिया न्यूयॉर्कच्या अॅलन व्हिपल यांनी १९३५ मध्ये रूढ केली. तिच्यात स्वादुपिंडाचे डोके, आतड्याचा तुकडा, पित्ताशय आणि नळी काढून सारे पुन्हा सांधतात. पाच-सहा तासांचे आणि सरावाच्या हाताचे काम. जिथे अशा शस्त्रक्रिया वर्षाला भरपूर होतात तिथेच ती करून घ्यावी, यावर जाणकारांचे एकमत आहे.

शस्त्रक्रियेनंतर ताकदीची केमोथेरपी सोसू शकणाऱ्या रुग्णांच्या एका मोठ्या चाचणीत, २०१८ मध्ये, निम्मे रुग्ण साडेचार वर्षांनंतरही हयात होते. ही या रोगातली सर्वांत चांगली बातमी. पसरलेल्या रोगात हिशेब महिन्यांचा असतो. उपचार न घेतल्यास साधारण तीन ते सहा महिने. २०११ मध्ये फ्रान्समधल्या चाचणीत चार औषधांच्या मिश्रणाने निम्म्या रुग्णांना अकरा महिन्यांपलीकडे नेले. जुन्या एका औषधाने तो टप्पा सात महिन्यांच्या आत होता. चार महिने! वाचणाऱ्याला ते किरकोळ वाटतील. ज्याच्या मुलीचे लग्न तीन महिन्यांवर आहे त्याला विचारा.

या ‘निम्म्या’ आकड्याविषयी थोडे बोलले पाहिजे, कारण डॉक्टर “सहा-आठ महिने” म्हणतात तेव्हा तोच सांगत असतात, आणि घरचे मात्र ती मुदतपूर्तीची तारीख समजून कॅलेंडर बघू लागतात. शंभर रुग्ण ओळीने उभे केले तर मधला जिथे पडतो तो हा आकडा. निम्मे त्याच्या आधी जातात, निम्मे नंतर. आपला माणूस ओळीत कुठे उभा आहे हे आकडा सांगत नाही. स्टीफन जे गूल्ड या अमेरिकन शास्त्रज्ञाला १९८२ मध्ये पोटाच्या आवरणाचा एक दुर्मीळ कर्करोग झाला, ज्याचा हा मधला आकडा आठ महिने होता. तो आणखी वीस वर्षे जगला, २००२ मध्ये दुसऱ्याच कर्करोगाने गेला, आणि मधल्या काळात त्याने याच आकड्याच्या गैरसमजावर १९८५ मध्ये एक गाजलेला लेख लिहिला. तो लेख निराश रुग्णांना वाचायला देतात आणि द्यावाही. पण प्रामाणिकपणे एक पुस्ती जोडायला हवी: स्वादुपिंडाच्या रोगात ओळीचे ते लांबवर गेलेले टोक फार विरळ असते. रॅल्फ स्टाइनमन या प्रतिकारशक्तीच्या संशोधकाला २००७ मध्ये हा रोग झाला. स्वतःच्याच संशोधनावर आधारलेले प्रायोगिक उपचार घेत तो साडेचार वर्षे टिकला. ३ ऑक्टोबर २०११ रोजी त्याला नोबेल जाहीर झाले तेव्हा तो जाऊन तीन दिवस झाले होते, आणि निवड समितीला त्याचा पत्ता नव्हता.

नातेवाईक हमखास स्टीव्ह जॉब्जचे उदाहरण देतात. “त्याला तर आठ वर्षं मिळाली.” माझ्या मित्राच्या मेहुण्यानेही दिले. जॉब्जची गाठ स्वादुपिंडातलीच, पण संप्रेरके बनवणाऱ्या पेशींची, वेगळ्या जातीची आणि संथ वाढणारी होती. आडनाव एक म्हणून माणूस एक होत नाही. आपल्याला जवळचे उदाहरण मनोहर पर्रीकरांचे. फेब्रुवारी २०१८ मध्ये ते आजारी पडले आणि १७ मार्च २०१९ रोजी गेले, तेरा महिने. नाकात नळी असताना ३० जानेवारी २०१९ रोजी त्यांनी गोव्याचा अर्थसंकल्प मांडला, ते दृश्य अनेकांना आठवत असेल. पण त्यांना नेमका कोणता आजार आहे हे गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी जाहीरपणे सांगितले ते ऑक्टोबर २०१८ च्या अखेरीस. आठ महिने एक अख्खे राज्य कुजबुजत होते. मुख्यमंत्र्यांच्या बाबतीत जे राज्यात झाले ते आपल्याकडे घराघरांत होते.

मृत्यू येतो कसा, हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारत नाही. मी विचारला. मित्राच्या आजारात नाही, तो गेल्यानंतर, ओळखीच्या एका कर्करोगतज्ज्ञाकडे बसून.

गाठ स्वतः सहसा मारत नाही. ती जे अडवते आणि जिथे पसरते त्याने माणूस जातो. सर्वांत जास्त पसरते यकृतात. यकृताचा मोठा भाग निकामी झाला की कावीळ वाढते, पोटात पाणी साचते, रक्तातली घाण मेंदूपर्यंत जाऊन माणूस गुंगीत जातो. ही गुंगी बाहेरून बघणाऱ्याला भयंकर वाटते, आतल्या माणसाला बहुधा नसते. दुसरी वाट जंतुसंसर्गाची. पित्ताच्या नळीत बसवलेला स्टेंट तुंबला की साचलेल्या पित्तात जंतू माजतात आणि हुडहुडी भरून ताप येतो. प्लास्टिकचा स्टेंट तीनेक महिन्यांत तुंबू शकतो, धातूचा जास्त टिकतो. स्टेंट असलेल्या रुग्णाला थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट पाहायची नसते, त्याच रात्री रुग्णालय गाठायचे असते. ही एकच गोष्ट वाचकांच्या लक्षात राहिली तरी लेखाचे काम झाले. तिसरी वाट रक्ताच्या गुठळ्यांची. या रोगात रक्त गोठण्याकडे झुकते. पायात झालेली गुठळी फुप्फुसात गेली की क्षणात सारे आटोपते. कर्करोग आणि गुठळ्या यांचे नाते फ्रान्समधल्या आर्मां त्रुसो यांनी १८६५ मध्ये सांगितले होते, आणि दोनच वर्षांनी स्वतःच्या अंगावर तेच चिन्ह पाहून त्यांनी आपले निदान आपणच केले.

पण बहुतेकांच्या बाबतीत या साऱ्यांखालून आणखी एक गोष्ट चालू असते. झिजणे. माणूस डोळ्यांदेखत वाळतो. आणि इथेच आपल्या घरांमध्ये सर्वांत मोठे भांडण पेटते.

आपल्याकडे माया म्हणजे खाऊ घालणे. वहिनींनी काय केले नाही? मऊ भात, मुगाचे वरण, नाचणीची आंबील, शेवयांची खीर, बदाम उगाळून दूध. तो दोन घास घेई आणि ताट सारी. “अहो, माझ्यासाठी तरी घ्या.” मग तो घेई, आणि उलटून टाकी. मुलगा रागावे, “बाबा, तुम्ही प्रयत्नच करत नाही.” मी स्वतः त्याला दोनदा सुनावले. आज त्याची लाज वाटते. तज्ज्ञांनी मला समजावले ते असे: ही साधी उपासमार नव्हे. रोगाने शरीराची सारी रसायनेच बदललेली असतात. स्नायू आपोआप वितळत जातात आणि भूक मेंदूतच मारली जाते. खाल्ले नाही म्हणून तो वाळत नव्हता. रोग त्याला वाळवत होता आणि म्हणून तो खात नव्हता. या गोष्टीचा उलगडा कुणी आधी केला असता तर त्या घरातली निम्मी जेवणे शांतपणे झाली असती. हां, एक उपाय मात्र असतो आणि तो पुष्कळदा राहून जातो. पाचकरस कमी पडल्यामुळे स्निग्ध पदार्थ पचत नाहीत, शौचाला तेलकट होते. जेवताना घ्यायच्या पाचकरसांच्या कॅप्सूल मिळतात. माझ्या मित्राला त्या तिसऱ्या महिन्यात मिळाल्या, तेही मुलीने कुठेतरी वाचून डॉक्टरांना विचारले म्हणून.

वेदनेचे तसेच. स्वादुपिंडाच्या मागे मज्जातंतूंचे मोठे जाळे आहे. गाठ त्यात शिरली की दुखणे असह्य होते. सुईने त्या जाळ्यात अल्कोहोल सोडून ते बधिर करता येते. आणि मॉर्फिन आहे. मॉर्फिन ज्या अफूपासून निघते ती मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने पिकते, आणि तरीही आपल्या देशात मरणाऱ्या माणसाला त्याची गोळी मिळवताना घरच्यांची पायपीट होते. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने डॉक्टर आणि औषधविक्रेते असे धास्तावले की बहुतेकांनी ते ठेवणेच सोडले. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन परवान्यांची गुंतागुंत कमी झाली, पण मनातली भीती दुरुस्त व्हायची आहे. “व्यसन लागेल” हे वाक्य मी ज्याचे तीन आठवडे उरले होते अशा माणसाच्या उशाशी ऐकले आहे, आणि बोलणारा शिकलेला होता. नीट मोजून दिलेले मॉर्फिन मरण जवळ आणत नाही. त्याने बद्धकोष्ठ होते, त्याचे औषध सोबत द्यावे लागते, इतकेच.

वेदना कमी करणे हेच ज्यांचे काम आहे अशा संस्था आपल्याकडे आहेत: मुंबईत वांद्र्याला १९८६ पासून शांती आवेदना सदन, पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचे केंद्र. केरळने तर १९९३ मध्ये कालिकतहून सुरुवात करून गावोगावी घरी जाणारी पथके उभी केली. लोक तिथे शेवटच्या आठवड्यात जातात. जायचे असते निदान झाले त्याच आठवड्यात, केमोच्या जोडीने.

माझा मित्र फेब्रुवारी २०२३ मध्ये गेला, महाशिवरात्रीच्या आधी चार दिवस, घरीच. शेवटचे दोन दिवस तो झोपूनच होता. श्वास मध्येच थांबे आणि पुन्हा सुरू होई, घशातून घरघर येई, पाय गार पडत चालले होते. हे सारे नेहमीचे असते, त्यात त्याला त्रास नसतो, असे घरी येणाऱ्या नर्सबाईंनी आधीच सांगून ठेवले होते, म्हणून कुणी धावपळ करून अॅम्ब्युलन्स बोलावली नाही. वहिनी ओठांवर ओला कापूस फिरवत होत्या. खायचा आग्रह त्या आठवड्यात प्रथमच थांबला होता.

मरण दाराशी आल्यावरही, तुला काय झाले आहे, हे त्याला कुणी सांगितले नाही. आम्ही सगळे आनंदी चेहऱ्याने येत-जात राहिलो. तोही आमच्याशी आनंदी चेहऱ्याने वागला.

दिवस झाल्यानंतर वहिनींनी मला कागदपत्रे बघायला बोलावले. ठेवीची पावती वर होती. पाच वर्षांची. पहिले नाव वहिनींचे, दुसरे त्याचे, ‘दोघांपैकी कुणीही किंवा हयात असेल तो’ अशा अटीवर. सोबत एक जादा पत्र जोडलेले, सहीशिक्क्यासह: एकाचा मृत्यू मुदतीआधी झाल्यास दुसऱ्याला इतर वारसांच्या संमतीशिवाय ठेव मोडता यावी. हे पत्र सर्वसाधारण खातेदार देत नाही, त्याला ते माहीतही नसते. मृत्यू गृहीत धरणारा जुना बँकवालाच ते आठवणीने देतो. मी तारीख पाहिली. त्याने मला ओटीवर विचारले त्याच्या आदल्या दिवसाची होती.

“मग मला कशाला विचारलं त्याने?” मी म्हणालो.

वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, ते म्हणाले होते, त्याला विचारून बघतो, तो तरी बोलतो का.”

ठेव वहिनींनी मोडलेली नाही. मुदत सप्टेंबर २०२७ ची आहे.